हातभर अंतरावरून, दहा सेकंद

पिस्तुलाची पेटी उघडली ती रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर. बायको पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, तिला मी दारातच थांबवलं. तेलाचे हात नकोत म्हणून. लेक हसली. "बाबा, पिस्तूल आहे ते, देव नाही." पण हात तीही साबणाने धुऊनच बसली होती.

दहा मीटरवरून मारायचं एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटणारा. हिशेब केला तर सहाएक ज्यूल ताकद होते, म्हणून याला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदाराने ओळखपत्राची आणि पत्त्याची प्रत घेतली, पावती दिली, झालं. किंमत मात्र दोन लाखांच्या वर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा लेक नववीत होती आणि नुकतीच बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जायला लागली होती. कांबळवाडीचा मुलगा, पुण्यात रेल्वेत नोकरी, आणि सराव आपल्याच बालेवाडीत. त्या महिन्यात रेंजवर नाव नोंदवायला रांग लागली होती. पुढे दीड वर्ष ही क्लबच्या पिस्तुलावर मारत राहिली. ते तिच्याआधी किमान सहा-सात मुलांच्या हातून गेलेलं. मग प्रशिक्षक म्हणाले, आता स्वतःचं घ्या. एक एफडी मोडली आणि घेतलं.

मी भोसरी एमआयडीसीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. सव्वीस वर्षं. गाड्यांचे आणि यंत्रांचे ॲल्युमिनियमचे पार्ट गाडीत चढायच्या आधी शेवटचे माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे नवी वस्तू हातात आली की मी ती आधी वापरत नाही, उजेडात तिरकी धरून फिरवतो. नवा फ्रिज आला तेव्हा डिलिव्हरीच्या पोरांना मी पाऊण तास जिन्यात ताटकळत ठेवलं होतं, ती गोष्ट घरात दर दिवाळीला निघते.

तर मी पिस्तूल खिडकीपाशी नेलं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं होतं. पेटीत कारखान्याचं टेस्ट कार्ड होतं. कारखान्यात पिस्तूल पकडीत धरून दहा मीटरवर पाच छर्रे मारतात आणि तो कागद सोबत देतात. पाचांचं मिळून एकच भोक, बाहेरून बाहेर मोजलं तर साडेसहा मिलिमीटर. निशाणावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. म्हणजे यंत्र माणसापेक्षा कितीतरी पुढे. नळीच्या तोंडाशी भिंग लावलं. काठ इतका स्वच्छ की आमच्या सीएनसीवाल्या पोरांना बोलावून दाखवावा.

आणि मग डावी बाजू वळवली.

फ्रेमवर, ट्रिगरच्या वर, चार सेंटिमीटर लांबीचा ओरखडा. नख अडकत होतं. ओरखडा प्रवासात पडला असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण प्रवासात पडलेला ओरखडा चांदीसारखा चमकतो, कारण काळा थर खरवडून आतलं ॲल्युमिनियम दिसतं. हा तळापर्यंत काळा होता. हा काळा थर ॲनोडायझिंगचा, वरून लावलेला रंग नव्हे. तो थर धातूतूनच उगवतो, वरून बसत नाही. त्यामुळे तो काहीही झाकत नाही. ॲनोडायझिंगच्या टाकीत जाताना पार्टवर जे असेल ते काळं होऊन बाहेर येतं. याचा अर्थ हा पार्ट ओरखड्यासकट टाकीत गेला होता. मशीनवाल्याने पाहिला असणार, रॅकवर टांगणाऱ्याने पाहिला असणार, जोडणाऱ्याने हातात धरला असणार, आणि पेटीत कार्ड ठेवून त्यावर सही करणाऱ्यानेही. चार माणसांच्या हातून तो पुढे आला होता.

एक दिसलं की पुढची दिसायला लागतात. फ्रेम काळी आणि तिच्या पुढचा हवेचा सिलिंडर धरणारा तुकडा जांभळट. घरात ट्यूबलाइटखाली सारखे दिसत, उन्हात धरलं की भावकी वेगळी कळायची. रंग मुरल्यावर थराची छिद्रं नीट बंद केली नाहीत, म्हणजे सीलिंग कमी झालं, की काळा रंग असा जांभळा-तपकिरी व्हायला लागतो. किंवा दोन तुकडे दोन वेगळ्या मिश्रधातूंचे, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या प्लेटिंगवाल्यांकडे गेलेले असतात. कॉकिंग लिव्हरवर साच्याची रेघ होती आणि पिनचा गोल ठसा. तो पार्ट कापून काढलेला नव्हता. धातूची भुकटी चिकट पदार्थात कालवून साच्यात दाबतात, मग भट्टीत भाजतात. भाजताना तो पंधरा-वीस टक्के आकसतो आणि तरी मापात बसतो. ही पद्धत वाईट नाही, उलट हुशारीची आहे. फक्त ती रेघ घासायला एक माणूस आणि अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट कुणीतरी वाचवलं होतं. लाकडी ग्रिपला तळहाताच्या बाजूने तेल पाजलेलं, आतली बाजू कोरडी.

शेवटी सिलिंडरवरची तारीख. २०० बारची हवा भरायची असते, म्हणून त्याला दहा वर्षांचं आयुष्य दिलेलं असतं आणि ते बनवल्याच्या तारखेपासून मोजतात. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. आमच्या नव्या कोऱ्या सिलिंडरचे चौदा महिने गोदामातच गेले होते.

मी हे सगळं एका कागदावर लिहिलं, आकडे टाकून. सात मुद्दे झाले. लेक पोहे संपवून माझ्यामागे उभी राहून वाचत होती.

"बाबा, पण दहा लागतोय ना?"

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, आवाज चढवला नाही. फोटो बघितले, भिंगातून बघितलं, चहा मागवला. म्हणाला, "काका, सगळे असेच येतात हल्ली. परवा एकाला आलं त्याची तर नावाची अक्षरंच अर्धी उमटलेली. पूर्वीची पेटी उघडली की बघत राहावंसं वाटायचं." मग त्याने वॉरंटीचा कागद पुढे सरकवला. दिसण्यातले दोष वॉरंटीत येत नाहीत. फंक्शनला काही असेल तर सांगा, आम्ही वर कळवू.

फंक्शनला काही असेल तर. हे वाक्य मी स्वतः इतक्यांदा बोललोय की ऐकताना कानाला ओळखीचं लागलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी असेल, प्लेटिंगवरून चारशे हाउसिंग आले, त्यातल्या बऱ्याचशांवर करडे डाग. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असलं की ॲनोडायझिंग असं ढगाळ येतं, त्यात नवल नाही. मी माल अडकवला. अर्ध्या तासात प्रॉडक्शन मॅनेजर टेबलापाशी. "ग्राहकाची लाइन थांबेल संध्याकाळपर्यंत. फंक्शनला काही नाही ना?" नव्हतं. झाकणाच्या आत जाणारा पार्ट. मी डेव्हिएशनचा कागद भरला, "आहे तसा वापरावा" लिहिलं, सही केली. रोजचंच काम.

पण त्या दिवशी सही झाल्यावर मी लिमिट सॅम्पलचं कपाट उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसण्यातला दोष मायक्रोमीटरने मोजता येत नाही. म्हणून एक नमुना ठरवतात: इतका डाग चालेल, याहून जास्त नाही. त्या नमुन्याला टॅग लावून सही करून कपाटात ठेवतात. तपासणाऱ्याने पार्ट हातभर अंतरावर धरायचा, दहा सेकंद बघायचा, शंका आली तर नमुन्याशी ताडून बघायचा. आमच्याकडे तरी हा नियम आहे. या हाउसिंगचे जुने नमुने कुणी फेकले नव्हते. २०११ चा होता, २०१६ चा होता, २०२२ चा होता. तिन्ही काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

२०११ चा आरशासारखा. एका कोपऱ्यात मोहरीएवढा डाग, त्याभोवती लाल मार्करने गोल. २०१६ च्या नमुन्यावर तीन डाग. २०२२ चा मी २०११ साली बघितला असता तर रिजेक्टच्या लाल क्रेटमध्ये टाकला असता. तिन्ही टॅगवर सही एकाच माणसाची, माझी. आठवून बघितलं, पण आजपासून डाग चालतील असं ठरवणारी मीटिंग एकही आठवेना. एकदा माल अडला, डेव्हिएशन झालं, ग्राहकाने हूं की चूं केलं नाही. तसं तीनदा झालं की कुणीतरी म्हणतं, दर वेळी कागद कशाला, नमुनाच बदलून टाका. मग नवा नमुना. पुढचं डेव्हिएशन त्याच्यापासून मोजायचं.

नमुने परत ठेवले. पिस्तुलाच्या कार्डावर शेवटच्या तपासणीच्या चौकोनात जी सही होती, ती मला तोवर कामचुकार माणसाची वाटत होती. तेव्हापासून नाही वाटली. राग गेला असं नाही, पण तो नेमका कुणावर काढायचा हे कळेनासं झालं.

इकडे लेक मारत होती. आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिचे छर्रे डावीकडे सरकायला लागले. सगळे नाही. दहा-दहा छर्र्यांच्या पहिल्या दोन सिरीज ठीक, तिसरीत गट जसाच्या तसा पण चार-पाच मिलिमीटर डावीकडे. ती साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, क्लिक फिरवायची, दोन सिरीज नीट जायच्या, पुन्हा सरकायचं. प्रशिक्षकांनी आधी तिच्या मनगटावर शंका घेतली, मग बोटावर, आणि ते बरोबरच होतं. शंभरातल्या नव्वद वेळा माणसाचंच चुकतं. ती मात्र गप्प झाली. घरी आल्यावर भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर रिकामा नेम धरून अर्धा अर्धा तास उभी राहायची. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं होतं, ते तिला पाठ आहे. पण ते बिघडलेलं कळलं तरी होतं. इथे बिघडलंय की आपण बिघडलोय हेच कळत नव्हतं.

खडकीला एक काका राहतात, सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रेंजवरची निम्मी पिस्तुलं त्यांच्याच हातून दुरुस्त होतात. त्यांच्याकडे घेऊन गेलो. अंगणात पत्र्याची शेड, आत एक बाक, एक जुना व्हाइस, त्याच्या जबड्यांना चामडं लावलेलं. माझी सात मुद्द्यांची यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि बाजूला ठेवली.

"इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही लढाईतली .३०३ रायफल बघितलीय कधी? नंबर चार?"

नव्हती बघितली.

"त्रेचाळीस-चव्वेचाळीस सालची. अंगावर कानशीचे, कटरचे ओरखडे तसेच. नांगराने जमीन ओढावी तसे. मागची साइट आधी छान कोरून, स्क्रूवर फिरणारी असायची. घाई झाली तशी एक वाकवलेला पत्रा लावला, दोन भोकं, इकडे टाक नाहीतर तिकडे टाक. नळीत पाच चर असायचे, दोनच पाडायला लागले. आणि तरी मारायची बरं का. चांगली मारायची." पिस्तूल हातात फिरवत ते ओरखड्यावर अंगठा घासत होते. "पण काय सोडायचं आणि काय नाही, हे त्यांनी बसून ठरवलं होतं. समोर जर्मन होता. आता कुठली लढाई चाललीय?"

मग त्यांनी पिस्तूल व्हाइसमध्ये धरलं आणि मी आणलेला, बारीक हालचाल मोजणारा डायल गेज मागच्या साइटच्या पात्याला टेकवला. बोटाने हलकेच डावीकडे दाबलं. काटा हलला. सोडलं, तर पूर्ण परत आला नाही. पुन्हा दाबलं. बारा शतांश मिलिमीटर.

हा आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून गणित सांगतो. पुढची आणि मागची साइट यांच्यात या पिस्तुलात साधारण ३२० मिलिमीटर अंतर आहे. निशाण दहा मीटरवर, म्हणजे तीसपट दूर. मागची साइट एक दशांश मिलिमीटर सरकली की छर्रा तीन मिलिमीटर सरकतो. बारा शतांशला पावणेचारच्या आसपास. वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर असतात. दहाच्या काठावर बसणारा छर्रा तेवढ्याने नवावर जातो. साठ छर्र्यांच्या मॅचमध्ये असे सात-आठ गेले की यादीत वीस-पंचवीस नावं खाली.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मला दिलं. साइटचा सरकता तुकडा ज्या खाचेत बसतो, त्या खाचेच्या काठावर बर होती. मिलिंग कटर बाहेर पडताना धातूची जी बारीक कोर उभी राहते ना, ती. काढायला हवी होती, काढली नव्हती. तुकडा खाचेच्या तळावर बसण्याऐवजी त्या कोरेवर टेकला होता आणि छर्र्यांच्या धक्क्यांनी थोडा थोडा सरकत होता. ॲनोडायझिंग त्या कोरेवरही काळं, छान, एकसारखं चढलं होतं.

माझ्या यादीत ती नव्हती. सात मुद्दे लिहिले, पण साइटखाली बघायचं मला सुचलं नव्हतं. डोळ्यात भरेल तेवढंच मी लिहिलं होतं.

"दोन मिनिटांत काढून देतो," काका म्हणाले. "पण मी हात लावला तर वॉरंटी गेली म्हणतील."

म्हणून हात लावला नाही. डायलचा व्हिडिओ काढला, भिंगातून फोटो काढले, बाण काढून मापं टाकली आणि आमच्या कारखान्यात ग्राहकाची तक्रार आल्यावर आम्ही जसा अहवाल लिहितो तसा लिहून दुकानदाराला दिला. दोष कुठे, किती, कधी दिसतो, काय बदलून हवं. आता फंक्शनला होतं, त्यामुळे "वर" कळवलं गेलं. आठवड्याने उत्तर आलं, वापरताना धक्का लागला असेल. मी परत लिहिलं की बर धक्क्याने उगवत नाही आणि बरीवर काळा थर आहे, म्हणजे ती टाकीच्या आधीची आहे. त्यावर दोन आठवडे शांतता. मग, पार्ट मागवलाय. मग, पार्ट कस्टम्समध्ये आहे. या काळात लेक पुन्हा क्लबच्या जुन्या पिस्तुलावर मारत होती. त्याचा काळा रंग ग्रिपजवळ पार उडालाय, पण साइट वज्रलेप.

ओरखडा, जांभळा तुकडा, कोरडी ग्रिप यांच्याबद्दल पुन्हा काही मागितलं नाही. भांडायला दम एवढाच असतो. ग्रिपला मी घरीच जवसाचं तेल पाजलं, तीन हात, रोज एक. लेकीने ओरखड्यावर काळं नेलपॉलिश लावलं, आणि वाईट लावलं.

नऊ आठवड्यांनी नवी साइट आली. चार बोटांएवढी प्लॅस्टिकची पिशवी, वर तपासल्याचं स्टिकर. दुकानदाराने काकांनाच बसवायला सांगितलं, ते बरं झालं. व्हाइस, चामडं, डायल. काटा दोन शतांश हलला आणि सोडल्यावर जागेवर आला. काकांनी पैसे घेतले नाहीत, ओळखीतल्या एका पोराला आमच्याकडे कामाला लावाल का म्हणून विचारलं. पोरगं आता आमच्या डिबरिंगच्या, म्हणजे बर काढायच्या, टेबलावर आहे. हात चांगला आहे त्याचा.

शनिवारी बालेवाडीला गेलो. नियमाप्रमाणे ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लावून बघितलं, उचललं गेलं. तिने जागा घेतली, पाय लावले. मी मागे खुर्चीवर होतो, पण राहवेना. उठून तिच्या टेबलाशी गेलो आणि वाकून साइट बघायला लागलो. नव्या साइटच्या डाव्या स्क्रूची खाच चावल्यासारखी झाली होती, कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर निसटलेला. काकांचा नव्हे, ते बसवत होते तेव्हा मी बघत होतो.

"काय बघताय?"

"काही नाही. स्क्रू."

"मारू का मग?"

"मार."